हिशोब चुकत नाही म्हणणाऱ्यांना

‘त्यांच्यात बरं आहे. आठवडाभर हवं ते करा, रविवारी पाद्र्याच्या कानात सांगा, पाटी कोरी. आपल्यात तसं नाही. आपल्यात केलेलं फेडावंच लागतं.’

कॉटन ग्रीनला राहणाऱ्याला हे वाक्य ऐकायला लांब जावं लागत नाही. काळाचौकीच्या नाक्यावर ते ऐकू येतं, सत्यनारायणाला प्रसादाचा द्रोण हातात असताना ऐकू येतं, शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीजवळून जाताना तर हमखास कुणाला तरी सुचतं. बोलणारे चांगले शिकलेले असतात. त्यांच्या आवाजात द्वेष नसतो, कीव असते. ‘बिचारे, सोप्या धर्मात जन्मले’ अशी ती कीव.

मला चीड येते ती या कीवेतल्या समाधानाची. मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरात आषाढीची वारी आहे, माळकरी माणसं आहेत. तेव्हा शेजाऱ्याचं वकीलपत्र घ्यायचं मला काही कारण नव्हतं. पण हे वाक्य शेजाऱ्याच्या धर्माबद्दल जितकं खोटं आहे, त्याहून जास्त ते आपल्या धर्माबद्दल खोटं आहे. आणि बोलणाऱ्याला दोहोंपैकी एकाचीही चौकशी करावीशी वाटत नाही.

आधी हे मत त्याच्या पूर्ण जोरानिशी मांडू, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की सोयीचं तेवढंच घेतलं. ते असं: ख्रिस्ती धर्म सांगतो, येशूने सगळ्यांचं पाप अंगावर घेतलं, तुम्ही नुसता विश्वास ठेवा, तारण तुमचं. म्हणजे तिथे कृत्यांना किंमत नाही. याउलट आपला कर्मसिद्धांत कडक. पेरलं ते उगवणार, या जन्मी नाही तर पुढच्या, आणि मध्ये देवसुद्धा पडणार नाही. म्हणून आपला धर्म जबाबदार माणसांचा, त्यांचा सवलतीचा. सवलतीने माणूस बिघडतो. आणि हीच सवलत दाखवून मिशनऱ्यांनी गोरगरीब ओढले. चार मुद्दे झाले. चारही ठिसूळ आहेत.

पहिला मुद्दा: त्यांच्यात कृत्यांना किंमत नाही. ‘त्यांच्यात’ म्हणजे नेमकं कुणात?

कृपेने सगळं माफ होणार असेल तर पाप करत राहायला हरकत काय, ही शंका आपल्याला सुचली याचं आपल्या नाक्यावरच्या तत्त्वज्ञाला फार कौतुक असतं. ती पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात स्वतःच उपस्थित केली आहे आणि जागच्या जागी झिडकारली आहे. पत्र पहिल्या शतकातलं. म्हणजे आपण ज्याला बिनतोड सवाल समजतो, तो त्या धर्माच्या पहिल्याच पिढीने निकालात काढला होता. इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात तारण हे कर्मांचं फळ नसून देवाचं दान आहे असं येतं. पण लगेच पुढच्याच वचनात येतं की माणसाची घडण सत्कृत्यांसाठी झाली आहे. आपले टीकाकार एक वचन आधीच उठून जातात. याकोबाचं पत्र तर कृतीवाचूनच्या विश्वासाला सरळ मेलेला ठरवतं. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात शेवटचा निवाडा कशावर होतो? भुकेल्याला जेवू घातलं का, उघड्याला पांघरूण दिलं का, तुरुंगातल्याला भेटायला गेलात का, यावर. सवलतीच्या धर्मात इतकी उलटतपासणी कशाला?

आता तो पाद्र्याचा कान. वसईपासून माझगावपर्यंतचे कॅथलिक ज्याला कुमसार म्हणतात, त्यात कबुली हा एक भाग आहे. केल्याचं खरं दुःख, पुन्हा न करण्याचा निश्चय आणि प्रायश्चित्त हे बाकीचे. कुणाचं लुबाडलं असेल तर ते परत करण्याची जबाबदारी कबुलीने संपत नाही, आणि परत करण्याची इच्छाच नसेल तर ती कबुली पोकळ, ही कॅथलिक नीतिशास्त्राची जुनी शिकवण आहे. लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय हा जकातदार येशू घरी आल्यावर नुसता रडत बसत नाही. ज्याला फसवलं त्याला चौपट परत देईन म्हणतो. आता आपल्याकडे वळा. मोठ्या थाटाच्या महापूजेला बसलेल्या बिल्डरला, ‘आधी भाडेकरूंचं थकलेलं भाडं द्या, मग संकल्प सोडा’ असं सांगणारे गुरुजी तुम्ही पाहिलेत का? मी पाहिलेले नाहीत.

कृपा आणि कृत्यं यांचा मेळ कसा घालायचा, यावरून त्या धर्मात काय काय झालं हेही आपल्याला ठाऊक नसतं. पाचव्या शतकात माणूस स्वतःच्या बळावर चांगला होऊ शकतो असं पेलागियस म्हणाला, ऑगस्टिनने ते खोडून काढलं. १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर उभा राहिला तो कशाविरुद्ध? पैसे मोजून दंडमाफीची पत्रं विकत मिळत होती, त्याविरुद्ध. म्हणजे ज्या स्वस्त माफीवरून आपण ख्रिस्ती माणसाला हिणवतो, तिच्याविरुद्धचं सर्वांत मोठं बंड ख्रिस्ती माणसानेच केलं. १५४७ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने ल्यूथरला उत्तर दिलं: कृपा पहिली, पण माणसाने तिला साथ द्यायला हवी. या एका प्रश्नावरून घरं फुटली, राज्यं फुटली. ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथे कॅथलिक चर्च आणि लुथरन वर्ल्ड फेडरेशन यांनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या: देव माणसाला स्वीकारतो तो केवळ कृपेने, आणि त्या स्वीकारातून सत्कृत्यं उगवतात. ल्यूथरपासून मोजली तर ४८२ वर्षं लागली. जो धर्म या प्रश्नावर जवळजवळ पाचशे वर्षं भांडला, त्याला हा प्रश्न सुचलाच नाही असं म्हणायला केवढं धाडस लागतं!

एवढ्यानेही समाधान होत नसेल तर मॉर्मन लोकांकडे बघा. जोसेफ स्मिथ याने १८३० मध्ये अमेरिकेत स्थापलेली ही मंडळी स्वतःला लॅटर-डे सेंट्स म्हणवते. त्यांचा बुक ऑफ मॉर्मन हा ग्रंथ सांगतो की आपल्याला करता येण्यासारखं सगळं केल्यावर आपण तरतो ते कृपेने. त्या ‘सगळं केल्यावर’मध्ये काय काय येतं? उत्पन्नाचा दहावा हिस्सा मंडळीला. ऐन तारुण्यात मुलांची दोन-दोन वर्षं प्रचाराला, तीही बहुधा घरच्या खर्चाने. महिन्यातल्या एका रविवारी उपवास, आणि वाचलेल्या जेवणाचे पैसे गरिबांना. मेलेल्या पूर्वजांची नावं शोधून त्यांच्या वतीने बाप्तिस्मा. दारू नाही, तंबाखू नाही, कॉफी नाही. आणि चहा नाही! कॉटन ग्रीनच्या गोदामांतल्या माथाडीला, काळाचौकीतल्या निवृत्त गिरणी कामगाराला, किंवा त्यांच्याकडे बघून कर्मसिद्धांत सांगणाऱ्या साहेबाला जरा विचारा, मोक्षासाठी चहा सोडाल का? ‘त्यांच्यात काही करावं लागत नाही’ या वाक्याचा निकाल तिथेच लागेल.

इतकी कृत्यं मागते म्हणूनच कितीतरी प्रॉटेस्टंट या मंडळीला ख्रिस्ती मानायला तयार नाहीत. हे लोक स्वर्ग कमवायला निघालेत, कृपा यांना कळलीच नाही, असा त्यांचा आरोप. (व्हॅटिकनने २००१ मध्ये मॉर्मन बाप्तिस्मा अमान्य ठरवला, पण तो त्र्येकत्वाच्या शिकवणीवरून, तो वाद निराळा.) गंमत अशी, की हा आरोपसुद्धा आपल्या नाक्यावरच्या आरोपाइतकाच आळशी आहे. त्याच बुक ऑफ मॉर्मनमध्ये बेंजामिन नावाचा राजा प्रजेला बजावतो की जीव ओतून देवाची चाकरी केली तरी आपण त्याच्या ऋणातच राहणार. त्या मंडळीचे एक वडीलधारे नेते डीटर उख्टडोर्फ यांनी २०१५ मध्ये भर अधिवेशनात सांगितलं की आज्ञापालन हे काही तारण विकत घेण्याचं चलन नव्हे. म्हणजे कृत्यांवर सर्वांत जास्त भर देणारी मंडळीही म्हणते की ही मजुरी नाही, आणि विश्वासावर सर्वांत जास्त भर देणारा ल्यूथरही म्हणतो की खऱ्या विश्वासाला हात-पाय फुटल्याशिवाय राहत नाहीत. मग ‘विश्वास ठेवा आणि मोकळे व्हा’ म्हणणारा तो ख्रिस्ती आहे तरी कुठे?

आणि हे सगळं परदेशातलं म्हणून बाजूला सारू नका. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मॉर्मन प्रचारक १८५२ मध्ये मुंबईत उतरला होता. इथल्या पाद्र्यांनी आणि वर्तमानपत्रांनी त्याला विरोध केला, तेव्हा तो पुण्याच्या छावणीकडे वळला. मराठ्यांना उद्देशून त्याने एक पुस्तिकाही लिहिली. म्हणजे ख्रिस्ती माणसांतली ही भांडणं एकोणिसाव्या शतकातच आपल्या दारात येऊन पोचली होती. आपण तेव्हाही ‘सगळे गोरे सारखेच’ म्हणत होतो, आजही म्हणतो.

दुसरा मुद्दा: आपल्यात सवलत नाही. हा मुद्दा ऐकला की मला हसावं की रडावं कळत नाही.

अजामिळाची गोष्ट भागवतात आहे. बायको टाकून दिली, चोऱ्या केल्या, जुगार खेळला, उरलेलं सगळं आयुष्य पापात घालवलं. मरताना भीतीने धाकट्या मुलाला हाक मारली. मुलाचं नाव नारायण. तेवढ्यावर विष्णुदूत धावत आले आणि यमदूतांना हात हलवत परत जावं लागलं. बापाने पश्चात्तापही केला नव्हता. तो त्याला पुढे, सुटल्यावर झाला. इतकी स्वस्त माफी जगातल्या कुठल्या पाद्र्याने वाटली आहे? वाल्या कोळ्याच्या रांजणातल्या खड्यांचं काय झालं? प्रत्येक खड्यामागे एक जन्म भोगायचा तर वाल्मीकी अजून मुंगी-किड्याच्या योनीत फिरत असता. गंगेत बुडी मारून काय उतरतं? एकादशी कशासाठी? काशीत मरण कशाला मागायचं? बारा महिन्यांचं आपलं पंचांग सवलतींनी भरलेलं आहे, आणि सत्यनारायणाचा प्रसाद खाणारा माणूस मला सांगतो की आपल्यात सवलत नाही!

गीतेच्या अठराव्या अध्यायात कृष्ण शेवटी काय सांगतो? सगळे धर्म सोडून मला शरण ये, पापांतून मी सोडवीन. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहून कर्मयोगाचा डंका वाजवला हे खरं. पण त्यांनाही हा श्लोक गीतेतून काढून टाकता आला नाही. दक्षिणेत श्रीवैष्णवांमध्ये याच प्रश्नावरून दोन पंथ झाले. माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरतं, तसं भक्तानेही थोडं धरायला हवं, असं वडकलै म्हणतात. मांजर पिल्लाला स्वतः तोंडात उचलते, पिल्लू काहीच करत नाही, तशी कृपा, असं तेंकलै म्हणतात. एका बाजूला वेदान्तदेशिक, दुसऱ्या बाजूला पिळ्ळै लोकाचार्य. ट्रेंट आणि ल्यूथर यांच्या आधी दोनेकशे वर्षं तमिळ मंदिरांमध्ये हाच वाद रंगला होता. तेव्हा कृपा ही काही गलबतातून आलेली विलायती चीज नव्हे. ती आपल्या घरात आधीपासून आहे. आपण तिला ओळख देत नाही, इतकंच.

आणि वारकरी? तुकोबांनी विठ्ठलापुढे कधी आपल्या पुण्याईचं बिल ठेवलं आहे का? ते स्वतःला पतित म्हणतात आणि देवाला त्याच्या पतितपावन या ब्रीदाची आठवण करून देतात, हेच त्यांचं सगळं भांडवल. परंपरा सांगते की बापजाद्यांच्या सावकारीची खतं भावाबरोबर वाटून घेतल्यावर तुकोबांनी आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली. हे मी नुसती आख्यायिका म्हणून सांगत नाही. ज्याला आपलं कर्ज माफ झाल्याची खात्री पटली, तो दुसऱ्याच्या कर्जाची वही हातात धरूच शकत नाही. कृपा माणसाला काय करायला लावते याचा हा मराठी पुरावा आहे. येशूने सांगितलेल्या एका दाखल्यात याचीच उलट बाजू येते: राजाने ज्याचं प्रचंड कर्ज सोडलं, तोच चाकर बाहेर जाऊन क्षुल्लक रकमेसाठी सोबत्याचा गळा धरतो, आणि राजा त्याला तुरुंगात टाकतो. देहू आणि गालील एकच गोष्ट सांगतात. ऐकायची इच्छा हवी.

तिसरा मुद्दा: सवलतीने माणूस बिघडतो. याला उत्तर एका नावात आहे. पंडिता रमाबाई.

रमाबाईंचं बालपण पुण्य कमावण्यात गेलं. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे पंडित. कुटुंब तीर्थामागून तीर्थं करत हिंडलं. पुराणं सांगितली, उपास केले, नवस फेडले, हाती होतं ते दानधर्मात दिलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील गेले, आई गेली, बहीण गेली. हिशोब चुकत नसेल तर या घराच्या खात्यावर काय जमा होतं? रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण त्यांनी १९०७ च्या आपल्या साक्षीत स्वच्छ लिहून ठेवलं आहे की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. आपल्या लायकीवर काही अवलंबून नाही हे पटायला पुढची आठेक वर्षं जावी लागली.

आता आपल्या नाक्यावरच्या सिद्धांताप्रमाणे काय व्हायला हवं होतं? कृपा मिळाली, तारण पक्कं झालं, बाईने हातपाय पसरून स्वस्थ बसायला हवं होतं. त्या काय करत बसल्या? मुंबईत १८८९ मध्ये काढलेलं शारदा सदन पुण्याला नेऊन चालवलं. तिथे शिकलेली पहिली विधवा गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात स्वतः हिंडून शेकडो उपाशी मुली आणि बायका आणल्या. केडगावला मुक्ती सदन उभारलं, १९०० च्या दुष्काळात गुजरातेतल्या मुलींना तिथे जागा केली. अंध मुलींना शिकवलं, छापखाना काढून मुलींकडून चालवला. हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल साध्या मराठीत आणलं. १९२२ मध्ये मरेपर्यंत ते काम सुरू होतं. हा आळस असेल, तर देव महाराष्ट्रातल्या प्रत्येक कर्मयोग्याला असाच आळस देवो.

एक उदाहरण पुरत नसेल तर भायखळ्याला जाऊन मुक्तिफौजेचा, म्हणजे सॅल्व्हेशन आर्मीचा, कारभार बघा. फ्रेडरिक टकर नावाचा गोरा, चांगली सनदी नोकरी सोडलेला, १८८२ मध्ये मुंबईत उतरला. भगवी वस्त्रं घालून, अनवाणी, फकीर सिंग नाव घेऊन फिरला. रस्त्यात मिरवणूक काढली म्हणून सरकारने, म्हणजे त्याच्याच जातभाईंनी, त्याच्या लोकांना पकडलं. या फौजेचा कृपेवर विश्वास इतका पक्का की रस्त्यावरचा दारुडाही याच क्षणी तरू शकतो असं ती मानते. आणि म्हणूनच ती त्या दारुड्याला आधी जेवण देते.

कृपेचा गैरवापर होतो का? होतो. पैसे पेरा, दुप्पट आशीर्वाद घ्या, असं मंचावरून ओरडणारे उपदेशक मुंबईतही आहेत. पण तो धंदा कृपेचा नाही, देवाणघेवाणीचा आहे. ‘इतकं दे, इतकं घे’ हा त्याचा मंत्र. तो आपल्या नवसाच्या जास्त जवळचा आहे. आणि गैरवापराविरुद्ध सर्वांत कडक शब्द कुणी लिहिले? डीट्रिख बॉनहोफर या लुथरन पाळकाने, १९३७ मध्ये, हिटलरच्या जर्मनीत. पश्चात्तापाशिवायची, शिस्तीशिवायची, क्रुसाशिवायची कृपा म्हणजे चर्चचा जीवघेणा शत्रू, असं त्याने आपल्याच चर्चला सुनावलं. एप्रिल १९४५ मध्ये नाझींनी त्याला फाशी दिली. आपण प्रसाद खाता खाता जो आरोप करतो, तो त्याने जीव देऊन केला होता.

चौथा मुद्दा: आमिष. फुकटची माफी दाखवून माणसं ओढली. फुकट? मिशनरी जॉन विल्सनच्या शाळेतला धनजीभाई नौरोजी १८३९ मध्ये ख्रिस्ती झाला तेव्हा मुंबईचा पारशी समाज खवळला, प्रकरण कोर्टात गेलं, मुलाचं घर सुटलं ते सुटलं. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि बायकोमुलाला, जातीला, गोताला मुकले. पत्नी लक्ष्मीबाई परत एका घरात नांदायला लागेपर्यंत मध्ये वर्षं गेली. त्या वर्षांत दोन्हीकडे काय सोसलं, ते लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला सांगायला नको. पुढे याच टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. आमिषाला भुललेला माणूस पगार सोडतो का? दुष्काळात धान्याच्या बदल्यात कुणी बाप्तिस्मा दिला असेल तर तो अपराधच. पण तोही सौदा, आणि सौद्याला कृपा म्हणत नाहीत. ज्यांनी खरी कृपा मानली, त्यांनी तिची किंमत मोजली. अनेकदा ती किंमत वसूल करणारे आपणच होतो.

चार मुद्दे संपले. आता त्यांच्या मुळाशी जे आहे त्याला हात घालतो.

‘हिशोब चुकत नाही’ असं म्हणणारा माणूस नेहमी पेढीच्या मालकाच्या जागी का बसलेला असतो? विश्वाची खतावणी मनात उघडताना त्याचं स्वतःचं खातं कायम जमेतच कसं निघतं? कॉटन ग्रीनने हे डोळ्यांदेखत पाहिलं आहे. या गोदामांत कापसाच्या गासड्या उतरायच्या आणि परळ-लालबागच्या गिरण्यांत त्यांचं सूत व्हायचं. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि बहुतेकांसाठी गिरणीचा भोंगा परत वाजलाच नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले: शहराला मोकळी जागा, म्हाडाला घरं, उरलेलं मालकाला. २००१ मध्ये दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त रिकाम्या पडलेल्या तुकड्यापुरती उरली. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती दुरुस्ती मान्य केली. तीस-तीस वर्षं पाळ्या केलेल्या माणसाचं कुठलं कर्म भरलं? आणि ज्याच्या जमिनीवर मनोरे उठले त्याची पुण्याई कुठल्या जन्माची? ही भाषा मी मनोऱ्यातल्या लिफ्टमध्ये ऐकली आहे: ‘शेवटी ज्याचं त्याचं नशीब.’ कडक सिद्धांत असा कामाला येतो. वरच्याची झोप मोडत नाही आणि खालच्याच्या तोंडाला कुलूप बसतं.

ही चलाखी नवी नाही. कर्माचं पुस्तक ज्यांनी लिहिलं, त्यांनी कोणतं कर्म कुणी करायचं हेही ठरवून टाकलं. वेद बाईने म्हणायचा नाही, शूद्राने ऐकायचा नाही. बाईचा मोक्ष नवऱ्याच्या सेवेत. शास्त्रांचं बाकी कशावर एकमत नसलं तरी बाईच्या बाबतीत ती एक आहेत, असं रमाबाईंनी लिहिलं ते सगळी शास्त्रं पचवून. ज्याला पायरी चढू दिली जात नाही, त्याला ‘वर येऊन स्वतः मिळव’ म्हणणं म्हणजे काय? चोखोबांना मंदिराच्या आत जाता आलं नाही; त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर आहे, आणि आपल्या अभंगांत हा जन्म मागच्या कर्माचं फळ म्हणून ते स्वतःलाच समजावताना दिसतात. त्यांच्या पोराने, कर्ममेळ्याने, मात्र देवालाच जाब विचारला. परळच्या बीआयटी चाळीत बरीच वर्षं राहिलेल्या बाबासाहेबांनी पुढे ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात गेल्या जन्मीच्या कर्माने या जन्मीची गरिबी समजावून देणारा विचार नाकारला, तो याच कारणाने: त्यात समाजाची जबाबदारी संपते. बाबासाहेब कृपेच्या वाटेनेही गेले नाहीत. पण पेढीवरच्या खतावणीचा खोटेपणा त्यांनी पुराव्यानिशी पकडला होता.

म्हणून चोखोबांना आणि कान्होपात्रेला विठ्ठलाची कृपा ही पळवाट नव्हती. मोक्षाचा बाकी प्रत्येक दरवाजा माणसांनी आतून लावून घेतला होता. रमाबाईंनाही नेमकं हेच सापडलं: अशी देणगी, जिला जात विचारायची नसते, बाई की पुरुष विचारायचं नसतं, आणि म्हणूनच जी मिळाल्यावर दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही. खालून वर बघणाऱ्याला कृपा हा न्यायाचा पहिला शब्द वाटतो. वरून खाली बघणाऱ्याला ती सवलत वाटते, कारण त्याच्या सगळ्या सवलती त्याने हक्क म्हणून आधीच खिशात टाकलेल्या असतात.

तेव्हा पुन्हा सांगतो, आणि या वेळी मऊ बोलत नाही. कृपा विरुद्ध कर्म हे भांडण ख्रिस्ती विरुद्ध हिंदू असं कधीच नव्हतं. ते पौल आणि याकोब यांच्या वाचकांत झालं, ल्यूथर आणि ट्रेंट यांच्यात झालं, प्रॉटेस्टंट आणि मॉर्मन यांच्यात आजही चालू आहे, वडकलै आणि तेंकलै यांच्यात झालं, आणि प्रत्येक वारकऱ्याच्या मनात ते दर एकादशीला होतं. प्रामाणिक माणूस दोन्ही टोकं धरून ठेवतो: जे मिळालं ते माझ्या लायकीचं नाही, म्हणून जे करायचं आहे त्यातून मला सुटका नाही. अप्रामाणिक माणूस मात्र त्यांची वाटणी करतो: कृपा स्वतःला, कर्म शेजाऱ्याला.

ज्याला आपला हिशोब खरोखरच शेवटच्या दमडीपर्यंत व्हावा असं वाटतं, त्याने आजच पुढे यावं. त्याने गंगेला जाऊ नये, नवस बोलू नये, मुलाच्या बारशाला देवाचं नाव सुचवू नये, मरताना कुणाकडे तुळशीचं पाणी आणि कानात नामस्मरण मागू नये. हे जमत असेल तर त्याने शेजाऱ्याच्या माफीला खुशाल फुकट म्हणावं. जमत नसेल, तर त्याने शिवडीच्या दफनभूमीजवळून गप्प जावं. आत निजलेल्यांनी निदान आपल्याला माफी लागते हे कबूल केलं होतं.